बारा खणांचा भार

आमच्या गावात घर खोल्यांनी मोजत नसत. "वाडा केवढा?" या प्रश्नाचे उत्तर खणांत यायचे. सोयरीक जुळवायला आलेली माणसे जमिनीची चौकशी करण्याआधी मान वर करून छताकडे पाहत आणि मनातल्या मनात खण मोजत, असे आजी सांगायची. आमचे घर बारा खणांचे. लहानपणी मला खण म्हणजे खोली वाटे, आणि आमच्या घरात खोल्या तर पाचच होत्या. त्यामुळे हा हिशेब मला कधी जुळला नाही. तो जुळला चाळिशी उलटल्यावर, माजघराच्या फरशीवर उताणा पडून मी तुळया मोजू लागलो तेव्हा.

खण म्हणजे दोन तुळयांमधला गाळा. आमच्याकडे तुळई ते तुळई साधारण पाच फूट अंतर आहे आणि एकेक तुळई आठ फुटांची. एक खोली दोन खणांची असू शकते, तीन खणांचीही. भिंत कुठे घालायची, दार कुठे काढायचे, हे नंतर ठरते आणि पुढे बदलतेही, खण मात्र बदलत नाही. घराचे माप हे मुळात लाकडाचे माप आहे. गावाने घर मोजण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, तिच्यातच हे घर कशावर उभे आहे ते सांगितलेले होते. आम्ही मात्र तीन फुटी भिंतींचे कौतुक करत राहिलो. पाहुण्यांना दिवळीत हात घालून भिंतीची जाडी दाखवायची, "तोफेचा गोळा लागला तरी हलणार नाही" असे सांगायचे, ही आमच्या घरची जुनी सवय. त्या भिंतींनी आमच्या घराचा भार कधीच पेललेला नव्हता. तो सागाच्या खांबांवर होता, आणि हे आम्हांला कळायला एक भयंकर पहाट यावी लागली.

गाव औसा तालुक्यातले, तेरणेच्या खोऱ्यातले. किल्लारी आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर. या भागात पाऊस बेताचा आणि ऊन कडक, म्हणून कोकणासारखी उतरती कौले इथे नाहीत. इथे माळवद आहे, म्हणजे मातीचे सपाट छत. रस्त्यावरून पाहिले तर घर म्हणजे काळ्या दगडाची उंच, खिडक्या नसलेली भिंत आणि तिच्यात एक मोठा दरवाजा. त्यातून आत गेले की दोन्ही बाजूंना ओटे असलेली ढाळज. पुढे अंगण, अंगणापलीकडे सोपा, सोप्यामागे माजघर, आणि माजघराला लागून स्वयंपाकघर व देवघर. बाहेरच्या भिंतीला खिडकी नसण्यामागे उन्हाइतकेच भयही होते. रझाकारांच्या दिवसांत, १९४८ च्या उन्हाळ्यात, गल्लीतल्या बायका-लेकरांना रात्री आमच्या माजघरात आणून बसवत आणि दरवाजाला आतून अडसर घालत. तो अडसर म्हणजे भिंतीतल्या लांब भोकात सरकणारे चौकोनी लाकूड. दिवसा तो पूर्ण भिंतीत जाई. आम्ही मुले त्या भोकात गोट्या सोडायचो, आणि त्या परत मिळायच्या नाहीत.

आता हे घर खालून वर कसे चढत जाते ते पाहू. काळ्या दगडाच्या जोत्यावर ठरावीक अंतराने उथळे बसवलेले आहेत. उथळा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड. तो खांबाला जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवतो. उथळ्यावर सागाचा चौकोनी खांब उभा राहतो. झाड जसे उभे होते तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली आणि शेंडा वर, असा सुतारांचा दंडक. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखा एक आडवा तुकडा बसतो. त्याचे नावच हस्त. हस्तावर तुळई टेकते. हस्तामुळे तुळईचा उघडा गाळा दोन्हीकडून वीतभर कमी होतो आणि भार खांबाच्या माथ्यावर पसरून उतरतो. तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्यांचे पाट, असा सोप्याचा आणि माजघराचा कडीपाट आहे. स्वयंपाकघरावर फळ्या परवडल्या नसाव्यात. तिथे कड्यांवर किलच, म्हणजे फोडलेल्या लाकडाच्या चिपा, एकीला एक लावून पसरल्या आहेत, आणि शंभर वर्षांच्या धुराने त्या डांबरासारख्या काळ्या झाल्या आहेत. त्या धुरामुळेच तिथे कीड लागलेली नाही.

या सगळ्यात लोखंडाचा खिळा जवळपास नाही. खांबाच्या माथ्यावर चार बोटे उंचीचे कुसू कोरलेले असते. ते हस्ताच्या भोकातून आरपार जाऊन तुळईच्या पोटात शिरते. सांधा घट्ट असतो, तरी जखडलेला नसतो. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि सांध्याला तेवढी हालचाल मानवते. मला या घरातली सर्वांत बुद्धिमान गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी दरवाजावरच्या कोरीव वेलींकडे बोट दाखवणार नाही. हे चार बोटांचे, कायम अंधारात राहणारे आणि बांधल्यापासून कोणीही न पाहिलेले कुसू दाखवीन.

घर कधी बांधले याचा कागद नाही. चौकटीवर शक कोरलेला नाही. पण लाकूड वाचता येते. माजघराच्या तुळया वाकसाने तासलेल्या आहेत. विजेरीचा उजेड तिरपा टाकला की पृष्ठभागावर उथळ उथळ खळगे दिसतात, ओल्या वाळूवर वाऱ्याने उमटवावेत तसे. प्रत्येक खळगा म्हणजे वाकसाचा एक घाव. सुतार उजव्या हाताचा होता हेही घावांच्या कलावरून कळते. ढाळजेच्या तुळयांवर मात्र खळगे नाहीत. तिथे सरळ, किंचित तिरप्या, जवळजवळच्या रेघा आहेत. यंत्राची गोल करवत कमानदार रेघा सोडते. या रेघा सरळ आहेत, म्हणजे ओंडका उंच मांडून एक माणूस वर आणि एक खाली उभा राहून ओढलेल्या मोठ्या करवतीच्या त्या आहेत. तेव्हा माजघर आधीचे आणि ढाळज नंतरची. आजोबांच्या सांगण्यानुसार माजघराचे सागवान आदिलाबादकडच्या जंगलातून बैलगाड्यांनी आले आणि ढाळजेचे लातुरातल्या वखारीतून. बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी १९११ साली लातूरला पोचली. चिरलेले लाकूड विकत मिळण्याचे दिवस त्यानंतरचे असावेत, असा माझा अंदाज आहे. घराचा पुढचा भाग त्या गाडीच्या आगमनानंतरचा असेल, तर त्याला आज शंभरेक वर्षे झाली, आणि माजघराला त्याहून किती तरी अधिक.

आणि हे घर मुळात बारा खणांचे नव्हतेच. परसात भिंतीच्या वरच्या अंगाला रांगेने चौकोनी कोनाडे आहेत, ज्यांत काहीच ठेवलेले नसते. ती तुळयांची रिकामी खोबणी आहेत. खाली चार उथळे तसेच पडलेले आहेत आणि त्यांतल्या एकावर आई अजून धुणे आपटते. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी मागचे चार खण मोडून लाकूड विकले. दागिने आधीच गेले होते, बैल विकायचे नव्हते, म्हणून घराचा एक भाग विकला. दगडी भिंतीला गिऱ्हाईक नव्हते, ती तिथेच राहिली. संकटात मोल आले ते लाकडालाच. "सोळा खणांतले चार खाल्ले," असे आजी म्हणायची, आणि ते शब्दशः खरे होते. त्या लाकडाची ज्वारी झाली आणि ती आमच्या घरातल्या माणसांनी खाल्ली.

महाराष्ट्रात लाकडी बांधणीचा इतिहास असाच रिकाम्या खोबणींमधून वाचावा लागतो. शनिवारवाडा पाहायला जाणाऱ्याला तट, बुरूज, दिल्ली दरवाजा आणि जोती दिसतात, आणि तो दगडी वाडा होता असा समज घेऊन माणूस परततो. १७३२ साली राहायला घेतलेला तो वाडा पुढे मजल्यांवर मजले चढवत वाढला, आणि ते मजले लाकडाचे होते. १८२८ च्या आगीत ते जळाले. उरले ते जोते. आपल्यासमोर आहे तो वाड्याचा तळ, वाडा नव्हे. पुण्यातच विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब पाहिले की जळून गेले ते काय असेल याची थोडी कल्पना येते.

त्याहून मागे जायचे तर कार्ल्याला जावे. डोंगर कोरून केलेल्या त्या चैत्यगृहाच्या छताला सागाच्या कमानदार फासळ्या बसवलेल्या आहेत, आणि त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. छत अखंड खडकाचे आहे, त्याला फासळ्यांच्या आधाराची गरज नाही. पण ज्या माणसांनी तोवर सारी मोठी दालने लाकडात उभारली होती, त्यांना लाकडी फासळ्यांशिवाय छत हे छत वाटले नसावे. तिथल्या एका लेखात धेनुकाकटच्या सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, तिथले दार घडवल्याचे कोरलेले आहे. दगडात काम करणारा हा कारागीर स्वतःला सुतार म्हणवतो आणि बापाचे नावही सांगतो. पहिल्यांदा तो लेख समजून घेतला तेव्हा मला फार आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचे नाव मला ठाऊक आहे. माझ्या पणजोबांच्या माथ्यावर ज्याने छत धरले, त्याचे नाव आमच्या घरात कोणालाही सांगता येत नाही.

असे का झाले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सुतार हा बलुतेदार. कुळव, पाभर, गाडीची चाके ही कामे तो बलुत्यावर करायचा आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचा. घराच्या कामाची मजुरी वेगळी ठरायची. चौकट उभी राहायची त्या दिवशी तिला आंब्याचे डहाळे बांधत, नारळ फोडत, सुताराच्या डोक्याला फेटा बांधत. तेवढ्या एका दिवसाचा मान. नंतर "आमच्या आजोबांनी बांधलेला वाडा" असे म्हणायची रीत पडली आणि ती आमच्याही तोंडी बसली. आजोबांच्या आजोबांनी पैसे दिले होते. बांधला दुसऱ्याने.

आता माळवदाविषयी, कारण पुढची गोष्ट त्याच्याशिवाय कळणार नाही. कडीपाटावर आधी कडुनिंबाचा पाला आणि पळसाची पाने पसरतात, त्यावर तुराट्या, त्यावर कालवलेली माती धुमसून घट्ट करतात, आणि सगळ्यांत वर पांढरीची माती. पांढरी म्हणजे जुनी गावठाणाची जागा, शेकडो वर्षे माणसे राहून, राख-शेण-भिंती मुरून झालेली माती. ती पाणी सहज झिरपू देत नाही. आमच्याकडे ती पडक्या गढीजवळून आणत. या खोऱ्यात अशी पांढरीची टेकाडे किती तरी आहेत. सर्वांत मोठी तेरला, प्राचीन तगर नगराची. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वृत्तान्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. तेरच्या संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट जपून ठेवलेली आहे. लाकूड नीट सांभाळले तर किती काळ टिकते हे पाहायचे असेल, तर आमच्या जिल्ह्यांतल्या माणसाला दूर जावे लागत नाही.

माळवदाखालचा उन्हाळा ज्याने अनुभवला आहे त्याला पंख्याखालच्या खोलीची किंमत वाटणार नाही. चैत्रात बाहेर डोळे उघडवत नसत तेव्हा माजघरात अंगावर पांघरूण लागे. उजेडासाठी छताला सवणे होते, विताएवढे गोल भोक. त्यातून उन्हाचा एक खांब खाली उतरायचा आणि दिवसभर फरशीवर सरकत राहायचा. तो देवघराच्या उंबऱ्याला लागला की आजी चुलीकडे वळायची. पाऊस आला की कोणी तरी वर धावत जाऊन सवण्यावर परात पालथी घालायची. रात्री सगळे घर माळवदावर झोपायला जाई. मुलांना एकच ताकीद असायची, वर उड्या मारायच्या नाहीत, कारण उडी मारली की खाली ताटात माती पडते.

आणि दरवर्षी मृगाच्या आधी माळवदाला नवी माती घालायची. घरातल्या आणि शेजारच्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन शिडीने चढत. जुना थर काढत नसत, त्यावरच नवा पसरत. एकेका वर्षाला बोटभर माती. कोणाच्या डोळ्यांत येणार नाही इतकी वाढ. मी मोजले तेव्हा आमच्या माळवदाचा थर पुरा दोन फूट भरला. मुळात तो वीतभर असावा. चाळीस चौरस फुटांच्या एका खणावर दोन फूट माती म्हणजे साडेतीन टनांच्या पुढे वजन. बारा खणांवर चाळीस टनांहून जास्त. गळती थांबावी म्हणून, लेकराबाळांच्या काळजीने, मायमाउल्यांनी पाटी पाटी करून एवढा भार आपल्याच माथ्यावर रचला होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती उशिरापर्यंत बोळवून सगळे गाव दमून झोपले होते. मी ढाळजेच्या ओट्यावर चुलत भावांबरोबर झोपलो होतो. पहाटे चार वाजायला चार मिनिटे असताना जमीन हलली. आवाज आधी आला, जड गाड्यांची रांग घरामागून जावी तसा. मग धूळ. मला त्या पहाटेचे आठवते ते एकच दृश्य. धूळ थोडी बसली आणि सोप्याच्या पश्चिमेला, जिथे जन्मापासून काळी भिंत पाहिली होती, तिथे चांदणे होते. पौर्णिमेच्या आदल्या रात्रीचा चंद्र मावळतीला टेकला होता आणि त्याचा उजेड थेट सोप्यात येत होता. भिंत बाहेरच्या अंगाला कोसळून गल्लीत पडली होती. आणि त्या उजेडात सोप्याचे चारही खांब उभे होते. त्यांच्यावर तुळया, तुळयांवर छत, सगळे जागच्या जागी. आजी माजघरातून चालत बाहेर आली. तिच्या केसांत माती होती आणि हातात देव्हाऱ्यातला बाळकृष्ण होता.

किल्लारीत, सास्तूरला आणि आसपासच्या गावांत काय झाले ते सर्वांना माहीत आहे. सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्या आत्याचे घर त्यात होते, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पुढे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी कारणे मांडली. ती आज वाचताना आमचेच घर कोणी उघडून दाखवते आहे असे वाटते. भिंत जाड दिसते, पण ती एक भिंत नसते. आत आणि बाहेर दगडांच्या दोन पडद्या आणि मध्ये गोटे-मातीची भर. दोन्ही पडद्यांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की हादऱ्याने त्या एकमेकींपासून सुटतात, एक आत कोसळते, एक बाहेर. ज्या घरांत कड्यांची टोके थेट भिंतीवर टेकवलेली होती, तिथे भिंतीबरोबर माळवदही खाली आले, आणि त्या मातीखाली माणसे गुदमरली. जिथे भार खांबांवर होता आणि सांधे शाबूत होते, तिथे भिंती पडूनही छत तरण्याची शक्यता होती. आमचा जीव वाचला तो घरंदाजपणाने नव्हे, नशिबानेही पूर्णपणे नव्हे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोणा सुताराने तुळईचे टोक भिंतीवर टेकवून एक खांब वाचवला नाही, म्हणून वाचला. भिंतीलगतसुद्धा त्याने खांब दिला होता. पैसे वाचवायचे असते तर तोच खांब आधी गाळला गेला असता.

त्यानंतर आमच्या भागातल्या माणसांचा दगड-मातीवरचा विश्वास उडाला, आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. आमचे गाव त्यांत नव्हते, पण गावानेही माळवदाखाली झोपणे सोडले. बरीच वर्षे लोक अंगणात पत्र्याच्या खोपीत निजत. मला सल राहिली ती वेगळी. पडले ते भिंतींमुळे आणि मातीच्या वजनामुळे, पण बदनाम झाले अख्खे जुने घर, लाकडासकट. दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात साधे उपाय सांगितले होते. माळवदावरची माती कमी करा, खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरपे टेके द्या, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोके पाडून सळईचे काँक्रीट भरा. आमच्या घरी कोणी ते मनावर घेतले नाही. पश्चिमेची भिंत सिमेंटात पुन्हा बांधली आणि आई सोडून बाकी सगळे लातूर-पुण्याला पांगले. गावात जुने सागवान विकत घेणारे व्यापारी फिरू लागले. एकामागून एक वाडे त्यांनी मोडून नेले. खांबांची टेबले झाली, हस्त शहरातल्या हॉटेलांच्या भिंतींवर लागले.

आमच्याकडेही एक व्यापारी आला होता, तीन वर्षांपूर्वी. घनफुटाचा भाव सांगितला, आणि तो वाईट नव्हता. भावकीतले बहुतेक जण तयार होते. आईने फक्त एवढेच विचारले, "मग धुणं कुठं आपटू?" आणि तो विषय त्या दिवसापुरता थांबला. तेवढ्या वेळात मी गावातल्या एका सुतारमामांना घेऊन आलो. त्यांचे वय सत्तरीचे, हल्ली त्यांच्या मुलाचे दुकान अॅल्युमिनियमच्या खिडक्या करते. मामांनी प्रत्येक खांबाला वाकसाच्या बोथट बाजूने तळाशी, मध्ये आणि माथ्याशी ठोके दिले आणि कान लावून ऐकले. दोन खांब भिंतीलगत ओलीने पोकळ झाले होते, तिथे आवाज बदबद आला. बाकीचे खणखणीत. "ह्यो खांब आजून जित्ता हाय, दादा," ते म्हणाले. "ह्याला काय झालं न्हाई. वरलं वझं काढा आधी."

मग मामा शिडीवर चढले आणि हस्ताच्या कडेला बोट फिरवत थांबले. तिथे तीन बारीक आडव्या चिरा होत्या. खाली खांबाच्या माथ्यावर तशाच तीन. शेजारच्या खांबावर चार, त्याच्या हस्तावर चार. जमिनीवर आडवे ठेवून सांधे जुळवताना कोणता हस्त कोणत्या खांबाचा हे चुकू नये म्हणून सुताराने पटाशीने केलेल्या त्या खुणा. मी त्या घरात जन्मलो, त्या खांबांना धरून उभा राहायला शिकलो, आणि त्या चिरा मी तोवर पाहिल्या नव्हत्या. मामांनी सगळ्या मोजल्या. नऊपर्यंत सरळ चिरा आणि दहाला फुली. परसातल्या मोडलेल्या चार खणांचे आकडे कुठेच नव्हते, ते लाकडाबरोबर विकले गेले.

गेल्या फेब्रुवारीत माती काढायला घेतली. कुदळ लागली आणि माळवदाचा कापलेला काठ उन्हात आला, तेव्हा मी काम थांबवले. त्या काठावर पट्टे होते, पांढुरका, मग किंचित करडा, पुन्हा पांढुरका, एकेक बोट जाड. प्रत्येक पांढरा पट्टा म्हणजे एका मृगाची तयारी. वरून एकोणीस पट्टे स्वच्छ मोजता आले, खाली ते एकमेकांत दबून मिसळले होते. मातीतून हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला, एक चिंचोका निघाला, खापरांचे पुष्कळ तुकडे निघाले. त्यांतले काही इतके पातळ आणि गुळगुळीत, तांबडे, की आमच्या गावच्या कुंभाराच्या हातचे ते नक्की नव्हेत. गढीजवळच्या पांढरीबरोबर ते पाटीत आले आणि आमच्या डोक्यावर जाऊन बसले. मी ते एका डब्यात ठेवले आहेत. माती ट्रॅक्टरच्या सत्तावीस खेपांनी शेतात गेली. पांढरीची माती रानाला खतासारखी मानवते, असे आमचे जुने लोक मानतात.

वीतभर माती ठेवली, तिच्याखाली प्लास्टिकचा जाड कागद घातला. पोकळ झालेले दोन खांब बदलले. सागाचे नवे खांब मिळाले ते बारीक आणि फिक्या रंगाचे, जुन्यांशेजारी ते पोरसवदा दिसतात. प्रत्येक सांध्याला तिरपे टेके दिले. नव्या खांबांच्या माथ्यावर मामांनी न विसरता चिरा पाडल्या, एकावर पाच आणि एकावर आठ, कारण ते त्यांचे जुने आकडे होते. मी त्यांना नाव कोरायची विनंती केली. ते हसले आणि नाही म्हणाले. पण या घराच्या नोंदींची माझी वही अजून भरायची आहे, तिच्यात मी ते नाव लिहिणार आहे.

शेवटची खेप गेली त्या संध्याकाळी एक गोष्ट घडली. माजघराच्या दाराच्या वरची गणेशपट्टी गेली कित्येक वर्षे तुळईच्या भाराने दबलेली होती, त्यामुळे दाराची फळी वरच्या कडेला घासायची आणि खांदा देऊन रेटल्याशिवाय लागायची नाही. आईचे लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही ते तसेच होते. तिने दिवाबत्ती केली, देवघरातून बाहेर येऊन नेहमीसारखा दाराला खांदा लावला, आणि फळी सरळ सुटून चौकटीवर आदळली. तुळई केसभर वर आली असावी. आई दाराकडे पाहत उभी राहिली, मग तिने ते उघडले आणि पुन्हा एकदा, या वेळी फक्त बोटांनी, लावून पाहिले.

सकाळी मात्र तिने पुन्हा खांदाच दिला. अजूनही देते. दिवसातून दोनदा ते दार घरभर वाजते.